मे महिन्यात चार वर्षांच्या लेकीला वाघ दाखवायला न्यावं का?

वाचक लिहितात: ताई, आम्ही नाशिकला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी नुकती चार पूर्ण. यंदा मे महिन्याच्या मध्यावर यांनी ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या चार सफारी आरक्षित केल्या आहेत, दोन सकाळच्या आणि दोन दुपारच्या. यांना फोटोग्राफीचं वेड आहे, नवीन मोठी लेन्सही घेतली आहे. समृद्धीवरून एका दमात गाडीने जायचं असं ठरवून बसलेत. मुलगा वाघाशिवाय दुसरं काही बोलत नाही. मुलगी दहा मिनिटं एका जागी बसत नाही, जेवताना मोबाइल लागतो आणि "वाघ मला खाईल का?" असं रोज विचारते. सासूबाई म्हणतात, "लेकरांना चंद्रपूरच्या उन्हात भाजायला नेताय का?" त्यांनाही न्यावं, म्हणजे त्या धाकटीला सांभाळतील, असं यांचं मत. रद्द करावं तर पैसे जातील आणि मुलगा रुसेल. आणि उरलेल्या सुट्टीचं काय करायचं? मेअखेरीला आम्ही माझ्या आईकडे राजूरला जातो, पण तिथे मुलं कंटाळतात. – एक आई, नाशिक

सहल रद्द करू नका. पण जशी ठरली आहे तशी जाऊही नका.

उन्हाबद्दल सासूबाई बोलतात ते खरं आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कधी त्याच्याही वर चढतो. नाशिकला चाळिशी गाठली की आपण हवालदिल होतो, त्यामुळे तिकडचं ऊन अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही. तुमच्या मिस्टरांचंही खरं आहे. वाघ दिसण्याची शक्यता याच दिवसांत सगळ्यांत जास्त. सागाची पानं गळून गेलेली असतात, झुडपं विरळ होतात, नजर लांबवर जाते. नाले आटतात आणि जे मोजके पाणवठे उरतात तिथे वाघ तासन् तास पाण्यात बसकण मारतो. गंमत अशी, की ज्या कारणाने वाघ पाण्यात बसून राहतो त्याच कारणाने तुमची लेक गाडीत बसून राहणार नाही.

तेव्हा पहिला निर्णय सोपा आहे. धाकटीला दुपारच्या सफारीला न्यायचं नाही, एकाही नाही. दुपारचं गेट उघडतं तेव्हा ऊन उतरलेलं नसतं, जिप्सीला वर छप्पर नसतं, रस्त्याची धूळ तापलेली असते आणि ठरावीक ठिकाण सोडून गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही. "शू आली" म्हटल्यावर लगेच थांबता येणार नाही, हे चार वर्षांच्या मुलीला समजावून सांगता येत नाही. मोठ्या माणसांना हे चार तास कसे गेले कळत नाही, कारण ती पुढच्या वळणाची वाट बघत असतात. लहान मुलाला पुढचं वळण माहीत नसतं, त्याला फक्त हे वळण माहीत असतं आणि इथे तर काहीच नाही.

सकाळची पहिली सफारी मात्र चौघांनी मिळून करा. उजाडताना जंगलात शिरायला मिळतं, हवा सुसह्य असते आणि पहिले दोन तास मुलीचेही मजेत जातील. नंतर ती झोपली तर झोपू द्या, वाघ समोर आला तरी उठवू नका. दुसऱ्या सकाळचं पहिल्या सकाळवरून ठरवा. ती रमली तर न्या, नाहीतर तुम्ही दोघी खोलीवर राहा. दुपारची एक सफारी बाप-लेकाची आणि दुसरी मिस्टरांची एकट्याची, नाहीतर तुमची आणि मुलाची. हो, तुमचीसुद्धा. तुमच्या पत्रात सगळ्यांना काय हवंय ते आहे, तुम्हाला स्वतःला जंगल बघायचंय की नाही ते मात्र कुठेच नाही.

परवान्यावर नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक असतात, त्यामुळे ऐनवेळी माणसं बदलता येत नाहीत. पण नाव असलेल्या माणसाने न जाणं केव्हाही चालतं. जागा रिकामी गेली म्हणून हळहळू नका. ते पैसे आरक्षण केलं त्याच दिवशी गेले, मुलीला उन्हात बसवून ते परत मिळणार नाहीत. मूळ ओळखपत्रं बरोबर ठेवा, मुलांचं आधार कार्डही. पुढच्या वेळेसाठी हेही लक्षात असू द्या, की कोअर, म्हणजे जंगलाचा गाभ्याचा भाग, मंगळवारी बंद असतं.

आता मोबाइल. ताडोबात सफारीला मोबाइल नेता येत नाही. माझ्या मते हा तिथला सगळ्यांत चांगला नियम आहे, पण तुमच्या घरात त्याची तयारी आजपासून करावी लागेल. जेवताना मोबाइल लागणाऱ्या मुलीचा तो गेटवर अचानक काढून घेतलात तर जंगलातली पहिली धोक्याची हाक तिचीच ऐकू येईल. निदान सकाळचा नाश्ता आत्तापासून मोबाइलशिवाय सुरू करा.

आणि लेन्स. मिस्टरांना प्रेमाने सांगा, की ज्या सफारीत धाकटी आहे ती फोटोग्राफीची सफारी नाही. मोठी लेन्स, चांगला प्रकाश आणि चुळबुळ करणारं मूल या तीन गोष्टी एका जिप्सीत मावत नाहीत. लेकरू हललं की फोटो हलतो, फोटो हलला की बाप चिडतो आणि मग त्या जंगलातून मुलं एकच गोष्ट घेऊन घरी येतात: "बाबा ओरडले." म्हणून तर एक सफारी त्यांना एकट्याला दिली आहे. तिथे त्यांनी पाहिजे तेवढं श्वास रोखून बसावं.

सासूबाईंना "सांभाळायला" म्हणून नेऊ नका. त्यांना खरंच यायचं असेल तर एका सकाळच्या सफारीत त्यांचीही जागा मिळते का बघा, आणि गुडघे दुखत असतील तर मधल्या रांगेत बसवा. मागच्या सीटवर धक्के फार बसतात. यायचं नसेल तर त्यांना घरी पंख्याखाली सुखाने राहू द्या. नातवंडं सांभाळायला सातशे-साडेसातशे किलोमीटर न्यायचं आणि जंगल दाखवायचंच नाही, हे मला पटत नाही.

प्रवासाचं एका वाक्यात सांगते: एका दमात गाडी हाकू नका. नाशिक रोडहून संध्याकाळी सेवाग्राम किंवा रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी नागपूर, तिथून गाडी ठरवून अडीच-तीन तासांत मोहर्ली. मुलांना रेल्वेत झोपायला मिळतं, बापाचे डोळे ताजे राहतात आणि दुपारच्या आत खोली गाठता येते.

तुमच्या मुलीच्या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे. "वाघ मला खाईल का?" हा प्रश्न रोज येतोय, म्हणजे घरात कुणीतरी "झोप, नाहीतर वाघ येईल" म्हणत असणार. शिवाय तुम्ही नाशिकच्या. निफाड-सिन्नरच्या उसातला बिबट्या, कधी थेट शहरात शिरलेला बिबट्या, हे सगळं ती टीव्हीवर बघत असणार. तिची भीती हवेतली नाही. तिला "छे, वाघ काही करत नाही" असं सांगू नका, ते खोटं आहे आणि मुलांना खोटं पटकन कळतं. खरं सांगा: वाघ मोठा आहे, ताकदवान आहे, म्हणून आपण त्याच्या घरात त्याच्या नियमाने जायचं. गाडीतून उतरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, हळू बोलायचं. आपण गाडीत बसलो की तो बहुतेक वेळा आपल्याकडे लक्षही देत नाही, कारण रोज येणाऱ्या गाड्यांची त्याला सवय झालेली असते. तिला एखादं कामही द्या. "सगळ्यांचे हात आत आहेत का हे बघणं तुझ्याकडे." भित्र्या मुलाला पहारेकरी केलं की भीती निम्मी होते. तरीही गेटवर रडायला लागली, "नको" म्हणाली, तर नको. पुढे बारा-पंधरा वर्षांत ताडोबा कुठे जात नाही.

मुलाचं उलटं आहे. त्याला वाघ हवाच आहे, आणि वाघाचं वचन त्याला कुणी देऊ नये. मेमध्ये मोहर्लीला शक्यता चांगली असली तरी कोरड्या सफारी होतातच. निघण्याआधी त्याला सांगा, की वाघ दिसणं हा वाघाचा निर्णय आहे, पण वाघ शोधणं तुझ्या हातात आहे. त्याला एक वही घेऊन द्या. मोबाइल नाही, त्यामुळे चित्रं हातानेच काढायची.

त्या वहीत काय काय येईल? सकाळच्या धुळीत पंजाचे ठसे. गाइडला विचारलं तर नर की मादी, ताजे की कालचे, हे तो दाखवतो. झाडाच्या बुंध्यावर नखांनी ओरबाडलेल्या खुणा, कधी वाघाच्या, कधी अस्वलाच्या. पांढरं फटक, साल निघाल्यासारखं दिसणारं कांडोळाचं झाड, ज्याला गाइड भुताचं झाड म्हणून दाखवतात. मुलाला ते वाघाइतकंच आवडेल. ताडोबाच्या तळ्यात मगरी आहेत. रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळातले दगडी खांब उभे आहेत. तळ्याकाठी तारू या गावप्रमुखाचं ठाणं आहे. तो वाघाशी झुंजताना मारला गेला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा झालं, अशी कथा तिथे सांगतात. गाडीत बसून ती गोष्ट गाइडच्याच तोंडून ऐका, तो घरच्यासारखी सांगतो. याच जंगलात १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणजे मुलाच्या आजीच्या वयाच्या जवळपास. मुलांना असा हिशेब लवकर समजतो.

आणि कान. जंगलात वाघ आधी कानाला सापडतो. चितळाची तीक्ष्ण शिट्टी, सांबराचा भोंगा, वानराचं खॉक-खॉक, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं. वाघाची चाहूल लागली की ही जनावरं अशी ओरडतात, याला सगळे "कॉल" म्हणतात. कॉल आला की गाइड गाडी बंद करायला लावतो आणि सगळे गप्प होतात. त्या क्षणी आठ वर्षांच्या मुलाला विचारा, आवाज कुठून आला? मुलांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात. तो बोट दाखवेल, आणि बऱ्याचदा बरोबर दाखवेल. सांबर पाय आपटत, एका जागी रोखून बघत ओरडत असेल तर त्याचं बोलणं गंभीरपणे घ्या. चितळाचं तितकं नाही, ती थोडी घाबरट असतात. रानकुत्र्यांची टोळी दिसली तर वाघाचा नाद सोडा, ते दृश्य वाघापेक्षा दुर्मिळ आणि मुलांच्या दृष्टीने जास्त करमणुकीचं, कारण ती सतत काहीतरी करत असतात. वाघ बहुतेक वेळा झोपलेलाच असतो.

तब्येतीचं थोडक्यात. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, टोपी, आणि विदर्भातली माणसं बांधतात तसा तोंडाला ओला दुपट्टा. तहान लागायची वाट न बघता मुलांना दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाणी. औषधाच्या दुकानातून खरी ओआरएसची पाकिटं घ्या, रंगीत गोड पेय नव्हे. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. कैरीचं पन्हं, ताक बिनधास्त. रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस नको. मूल मलूल झालं, पाच-सहा तास लघवी झाली नाही, अंग तापून कोरडं पडलं किंवा बरळायला लागलं तर सावलीत नेऊन ओल्या फडक्याने अंग पुसत सरळ डॉक्टर गाठा, सफारी राहू दे. दुपारी बारानंतर सफारीला निघेपर्यंत सगळ्यांनी खोलीत पडायचं. निघण्याआधी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशी एकदा बोला, धाकटीला दमा वगैरे असेल तर नक्कीच.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. "राजूरला मुलं कंटाळतात." हे वाचून मी कपाळाला हात लावला. तुम्ही वाघासाठी राज्याचं दुसरं टोक गाठताय, आणि मेअखेरीला ज्या गावी जाताय तिथून भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी हाकेच्या अंतरावर! मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, वळवाचे एक-दोन पाऊस पडले की त्या सगळ्या टापूत काजवे निघतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं पेटून विझतात, पुन्हा पेटतात. मुंबई-पुण्याची माणसं रात्री-अपरात्री गाड्या हाकत तिथे येतात. तुमची मुलं मात्र आजीच्या ओसरीवर कंटाळतात, कारण त्यांना कुणी अंधारात नेलेलंच नाही.

चार वर्षांच्या मुलीसाठी याहून चांगलं वन्यजीवन मला सांगता येणार नाही. ऊन नाही, चार तास बसायचं नाही, आणि "खाईल का" हा प्रश्नच नाही. थोरल्याला सांगा, की बहुतेक नर उडत-उडत लुकलुकतात, मादी खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. प्रकाश म्हणजे त्यांचं बोलणं. आणि काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, हे ऐकून त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

पण शनिवार-रविवारी जाऊ नका. त्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, हेडलाइट चमकत राहतात, झाडाखाली गाणी वाजतात आणि काजव्यांचं बोलणंच बंद पडतं. तुम्ही तिथल्याच लेक आहात, तुम्हाला मंगळवारी-बुधवारी जाता येतं. हा तुमचा फायदा वापरा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची प्रवेशाची वेळ आणि शुल्क असतं, ते आधी विचारा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि जमिनीकडेच धरा. फ्लॅश नाही. झाडाच्या खोडाशी गर्दी नाही, कारण गवतातल्या माद्या पायाखाली येतात. बाटलीत भरून आणायचे नाहीत, मुलगी कितीही रडली तरी. पायात बूट, कारण पहिल्या पावसात विंचू-साप निघतात.

मधले दिवस नाशिकचेच आहेत. येवल्याकडे ममदापूरला काळवीट आहेत. उन्हाळ्यात तिथले पाणवठे टँकरने भरावे लागतात. भल्या सकाळी गेलात तर गाडीतूनच कळप दिसतो. नर काळा, माद्या बदामी, हे धाकटीसुद्धा ओळखेल. नांदूर मध्यमेश्वर तर निफाडातच, राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ म्हणून २०२० साली जाहीर झालेली. मेमध्ये परदेशी पाहुणे परतलेले असतात हे खरं, पण शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या, वेडे राघू, बगळे कुठे जात नाहीत, आणि गर्दी नसते. दोन्हीकडे सकाळी जा आणि दहाच्या आत परत फिरा. संध्याकाळी नको, उसाच्या पट्ट्यात अंधार पडायच्या आत घरी असलेलं बरं, याबाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची आहे.

घरी गॅलरीत पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. भांड्यात एक दगड टाका म्हणजे चिमणीला आणि मधमाशीला बसता येतं. कोण किती वाजता येतं ते थोरल्याने त्याच वहीत लिहायचं. धाकटीला रात्री दिव्याजवळची पाल दाखवा. शिकार कशी करतात हे तिला ताडोबात दिसेलच असं नाही, पण तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज दिसेल.

पुढच्या वर्षी परीक्षा लवकर आटपल्या तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघा. मेमध्ये फार उशीर होतो. पिल्लं निघाली तर निघाली, नाहीतर समुद्र आहेच, आणि मुलांना वाट बघायला वाळू मिळाली की ती तक्रार करत नाहीत.

ताडोबाहून परतल्यावर चार दिवस कपडे-धुणं, झोपा, आणि सासूबाईंना वहीतली चित्रं दाखवणं. मग राजूरला आईला फोन लावा आणि एवढंच विचारा: वळीव झाला का, आणि काजवा दिसायला लागला का? "लागला" म्हणाल्या, की पुढच्या मंगळवारची एसटी पकडा.